खोल चिखलात एटीव्हीच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

तुम्ही विचारलंय की खोल चिखलातून एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी, हँडलवाली छोटी चारचाकी) काढायची असेल तर टायरमधली हवा किती कमी करावी, कारण मित्र म्हणतो, सरळ निम्मी सोडून दे. मी म्हणेन, हवा सोडण्याआधी एक लांब काठी घ्या आणि चिखलात खुपसून तळ लागतो का ते बघा.

वीत-दीड वीत खाली कडक जमीन लागली, तर हवा फारशी सोडू नका. बहुतेक एटीव्हींना कंपनी 5 ते 7 पीएसआयच्या (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास हवा सांगते (गाडीवरच्या स्टिकरवर नेमका आकडा असतो), तीच राहू द्या. इथे टायरने चिखल कापत खाली जाऊन जमीन धरायला हवी. अरुंद, उंच, खोल नक्षीचे मडटायर त्यासाठीच असतात. हवा सोडून ते पसरट केले तर वरच घसरत राहतात, शिवाय गाडीचं पोट थोडं खाली येतं.

काठी जातच राहिली तर मात्र उलटं. मग टायर चिखलावर तरंगला पाहिजे. 4, फार तर 3 पीएसआयपर्यंत उतरा. टायर लांबट टेकतो, वजन जास्त जागेवर पसरतं, आणि चालताना रबर वाकत राहिल्यामुळे नक्षीत अडकलेला चिखलही सुटतो. हे मऊ टायरचं झालं. 6 प्लायच्या (म्हणजे थरांच्या) जाड टायरची बाजू इतकी ताठ असते की त्याच हवेत तो तेवढा पसरत नाही. म्हणून एकदम सोडू नका, अर्धा-अर्धा पीएसआय कमी करत टायर किती दबतो ते डोळ्यांनी बघा. वजनदार माणूस किंवा मागे सामान असेल तर थोडी जास्तच ठेवा.

बीडलॉक रिम (टायरची कड घट्ट आवळून धरणारी रिम) नसेल तर 3 च्या खाली जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय. मी एकदा 2 वर गेलो होतो. पुढचं चाक खोल चाकोरीत असताना हँडल वळवलं आणि टायरची कड रिमवरून उतरली. सगळी हवा गेली, आणि कड न् रिम यांच्या फटीत वाळू आणि गवताच्या काड्या. प्यायच्या पाण्याने ती फट धुतली, फडक्याने पुसली, तरी पंपाची हवा बाजूने निघून जात होती. शेवटी टायरच्या घेराभोवती रॅचेटचा पट्टा (खटक्याने आवळत जाणारा सामान बांधायचा पट्टा) करकचून आवळला, तेव्हा कड रिमला टेकली आणि हवा धरली. तोवर तासभर गुडघाभर चिखलात गेला होता. तेव्हापासून पट्टा आणि छोटा पंप गाडीवर कायम असतो.

हवा मोजायच्या गेजकडे लोक लक्ष देत नाहीत. कारचं गेज इथे निरुपयोगी आहे. 5 पीएसआयमध्ये 1 ची चूक म्हणजे वीस टक्के. 0 ते 10 किंवा 0 ते 15 पर्यंतचं, अर्ध्या पीएसआयच्या खुणा असलेलं लो-प्रेशर गेज घ्या. हवा टायर थंड असताना मोजा. तापमान 10 अंशांनी बदललं तर एवढ्या कमी हवेत अर्धा ते पाऊण पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे सकाळी मोजलेले 4 दुपारी 4 राहत नाहीत. डावी-उजवी चाकं अगदी सारखी ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

आणि पोटच चिखलावर टेकलं असेल तर हवेशी खेळू नका, एक्सलेटरही दाबू नका. चाकं आणखी खड्डा करतात. विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावा.

बाहेर आल्यावर कडक रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. कमी हवेवर वेगात वळलात तर टायर बाजूला दुमडतो, गाडी डोलते, आणि उतारावर आडवं जाताना तर हे फार धोक्याचं आहे. भरण्याआधी वॉल्व्हच्या तोंडावरचा चिखल पुसून घ्या; आत बारीक खडा गेला तर हवा हळूहळू झिरपत राहते.