उन्हात विष जाळणारी पूड

प्रश्न : पऱ्हाटीवर फवारणी झाली का आमी पंप विहिरीपाशीच धुतो. औंदा पाण्याले औषधाचा वास येते. पुतण्या म्हणते, नॅनोची पूड निघाली, पाण्यात टाकली का उन्हानंच विष जळते. मागवू काय?
— एक शेतकरी, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, आधी ते पाणी पिणं थांबवा. उकळूनही भरवसा नाही.

पुतण्या खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. अशा अतिबारीक (नॅनो) पुडींतली जुनी पूड टायटॅनियम डायऑक्साइडची, पांढऱ्या रंगात असते तीच. तिला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून तिला जोडीदार शोधला : कार्बन नायट्राइड. ही पिवळी पूड दिसणारा निळा प्रकाशही पिते, आणि गंमत म्हणजे ती युरिया साडेपाचशे अंशांवर तापवून करता येते! प्रकाश पडला की तिच्यातला इलेक्ट्रॉन सुटतो. पण दावं सोडलेलं वासरू गाईकडे धावावं तसा लगेच जागेवर परततो. शेजारची पूड त्याला मधेच धरते. मग त्या इलेक्ट्रॉनपासून आणि मागे राहिलेल्या रिकाम्या जागेपासून पाण्यात तिखट रेणू तयार होतात, ते कीटकनाशक तोडतात.

मी कॉलेजात शिकवायचो तेव्हा मे महिन्यात अमरावतीला गच्चीवर मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग घातलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. पुडीची बाटली दुपारपर्यंत फिकी झाली, पोरं खूश. पण पूड घालून कपाटात ठेवलेली बाटलीही थोडी फिकी झालेली! रंग तुटला नव्हता, पुडीला चिकटला होता. तेव्हापासून नुसता रंग किंवा वास गेला म्हणून पाणी शुद्ध झालं असं मी मानत नाही. औषध अर्धवट तुटलं तर उरलेले तुकडेही कधी विषारी असतात.

त्यात तुमची विहीर खोल, खाली अंधार. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. एवढी बारीक पूड फडक्यातूनही निघून जाते. ती चुंबकानं ओढता यावी म्हणून संशोधक तिच्यात लोहाचं ऑक्साइड मिसळून बघतात. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या पाण्यातलं फ्लोराइड हिच्यानं जात नाही, कारण त्यात तोडण्यासारखं काही नसतंच.

तेव्हा मागवू नका. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत जा, कोणतं औषध मारलं ते सांगा. त्यांच्याकडे ती तपासणी नसेल तर कुठे होते ते विचारा. पंप शेतातच तीनदा विसळा आणि ते पाणी त्याच पऱ्हाटीवर फवारा. पुतण्याला मात्र युरिया चुलीवर ठेवू देऊ नका, अमोनियाच्या वासानं घरात कुणाला थांबता येणार नाही.