बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांची वायरिंग

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे परदेशी स्थायिक झालेल्या वाचकांची आहेत आणि योगायोगाने तिन्ही एकाच गाडीविषयी आहेत. ती गाडी म्हणजे इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ची एमजीबी आहे. रात्री दिवे लावलेले असताना ब्रेक दाबला, की मागचा डावा दिवा उजळण्याऐवजी मंदावतो आणि त्याच वेळी डावा इंडिकेटर लावला तर तो अडखळतो. गॅरेजमध्ये बल्ब आणि फ्लॅशर बदलून झाले. वायर कुठेही तुटलेली नाही, हे मीटर लावून मला दाखवण्यात आले. आता संपूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला मिळतो आहे. तो मानावा का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : एवढ्यात मानू नये. आपण सांगितलेली लक्षणे जवळजवळ निश्चितपणे त्या बाजूच्या खराब अर्थिंगची आहेत. दिव्यापर्यंत करंट पोहोचणे हे निम्मेच काम असते. तो बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जावा लागतो आणि ही परतीची वाट डाव्या बाजूच्या टेललाइट, ब्रेकलाइट व इंडिकेटर या तिघांना सामाईक आहे. त्या वाटेवरचा एखादा सांधा गंजला, की ब्रेकलाइटचा करंट तिथे अडतो आणि शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसरी वाट शोधतो. एक दिवा लावला असता दुसऱ्याने विचित्र वागणे, ही या दोषाची सर्वांत भरवशाची खूण आहे.

सांध्यातला थोडासा अडथळाही किती महागात पडतो, ते हिशेबाने पाहू. ब्रेकचा बल्ब २१ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर तो सुमारे पावणेदोन अँपिअर करंट घेतो, म्हणजे पेटलेल्या स्थितीत त्याचा रोध सात ओहमच्या आसपास असतो. अर्थच्या सांध्यात गंजामुळे केवळ दोन ओहमची भर पडली, तरी बल्बच्या वाट्याला जेमतेम सव्वानऊ व्होल्ट येतात आणि त्याचा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. त्यात टेललाइट आणि इंडिकेटरचा करंटही त्याच सांध्यातून जाऊ लागला, की उरलेसुरले व्होल्टही घटतात.

आता मीटरच्या साक्षीविषयी. वायर जोडलेली आहे की नाही हे तपासताना मीटर त्यातून अगदीच नगण्य करंट सोडतो. आपल्या गाडीतील दिव्यांच्या बहुतेक वायरी चौदा बारीक तारांच्या आहेत. त्यांपैकी तेरा तुटून एकच शिल्लक राहिली असली, तरी मीटर ‘वायर जोडलेली आहे’ असाच निर्वाळा देईल. म्हणून असा दोष दिवा पेटलेला असताना, म्हणजे सर्किटवर लोड असतानाच मोजावा लागतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. आपल्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे झाकणाखाली असतात. त्यांपैकी ज्या टर्मिनलची जाड वायर बॉडीला गेली आहे, त्याच्या शिशाच्या खुंटीवरच मीटरची एक पिन धरावी, क्लॅम्पवर नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळदा खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मधल्या पांढुरक्या थरातच दोष दडलेला असतो. दुसरी पिन मागच्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला लावून कोणालातरी ब्रेक दाबायला सांगावे. मीटरने ०.२ व्होल्टच्या आत दाखवले तर अर्थिंग ठीक आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर दुसरी पिन टप्प्याटप्प्याने बॅटरीकडे सरकवावी : आधी काळ्या वायरचा लग (म्हणजे टोकाची धातूची कडी), मग त्याच्या स्क्रूशेजारचा उघडा पत्रा, नंतर बॅटरीजवळची बॉडी आणि शेवटी क्लॅम्प. ज्या दोन ठिकाणांच्या दरम्यान आकडा एकदम खाली येतो, त्यांच्यामध्येच दोष असतो. या कामाला पंधरा मिनिटे पुरतात.

एका गाडीत मला हा दोष नव्या रंगात सापडला होता. मालकाने हौसेने संपूर्ण बॉडी रंगवून घेतली होती आणि अर्थचा लग त्या चकचकीत रंगावरच कसला होता. स्क्रूच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर बिचारे दिवे पेटत होते. आपल्याकडेही असे आढळल्यास प्रथम बॅटरीची अर्थची वायर काढावी, लगाखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चमकवावा, दातेरी वॉशर घालून स्क्रू कसावा आणि कसून झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावावी. बल्ब होल्डरचा आतला भागही त्याच वेळी साफ करावा.

वायरिंग बदलण्याची घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे. या गाडीचे विजेचे भाग बनवणाऱ्या ल्यूकस या ब्रिटिश कंपनीची वायरींच्या रंगांची पद्धत इतकी सुसंगत आहे, की ती एकदा कळली म्हणजे नकाशाशिवायही बरेच काम भागते. तपकिरी वायरीत सदैव करंट असतो आणि तिला फ्यूज नसतो. पांढरीत चावी फिरवल्यावर करंट येतो, पण तीही फ्यूजविना असते. हिरवी म्हणजे चावीनंतरची फ्यूजमधून आलेली, जांभळी म्हणजे सदैव चालू असलेली फ्यूजमधून आलेली आणि काळी म्हणजे अर्थ. ब्रिटिश मोटारशौकीन ल्यूकसला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, ते मला अर्धेच पटते. पन्नास वर्षे पावसाळी हवा सोसलेल्या आणि मधल्या काळात अनेकांनी चिकटपट्टी गुंडाळून दुरुस्त केलेल्या सांध्यांचा दोष सगळाच मूळ कंपनीच्या माथी मारणे न्याय्य नाही.

प्रश्न : माझ्या १९७३च्या अमेरिकी एमजीबीचे दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद पडले आहेत. हॅझार्डचा स्विच दाबल्यावर मात्र चारही दिवे व्यवस्थित लुकलुकतात. नवा फ्लॅशर घालूनही उपयोग झाला नाही.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हॅझार्ड चालतो, याचाच अर्थ चारही बल्ब, त्यांच्या वायरी आणि अर्थिंग ठीक आहे. ब्रेकलाइट आणि पेट्रोलचा काटाही चालत असेल, तर हिरव्या वायरीचा फ्यूजही शाबूत आहे. आपल्या मॉडेलमध्ये इंडिकेटरचा करंट हॅझार्डच्या बंद असलेल्या स्विचमधून पुढे जातो. हा स्विच वर्षानुवर्षे कोणी हलवत नाही आणि त्याचे पॉइंट काळवंडतात. तो वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करून पाहावा. इंडिकेटर सुरू झाले तर दोष सापडला असे समजावे आणि पुन्हा बंद पडल्यास स्विच बदलावा.

प्रश्न : माझी एमजीबी १९६६ची आहे. चालता चालता ती अचानक थांबते. पेट्रोलच्या पंपावर पान्याने हलकेच ठोकले, की टिकटिक सुरू होते आणि गाडीही चालू लागते. पंपच बदलावा का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : पंप खराब असण्याची शक्यता मोठी आहे, पण खात्री करूनच खर्च करावा. या गाडीचा एसयू बनावटीचा पंप मागच्या उजव्या चाकाजवळ गाडीखाली असतो. त्यात विद्युत्‌चुंबक पडदा ओढतो आणि पॉइंटची एक जोडी दर ठोक्याला करंट तोडते. ते पॉइंट जळले म्हणजे पंप अडून बसतो आणि ठोकल्यावर पुन्हा जुळतात.

पंप अडलेला असताना नुसते व्होल्ट मोजले तर फसगत होते. पॉइंटमधून करंट जातच नसल्यामुळे मागचा एखादा सांधा सैल असला, तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. म्हणून चावी बंद असताना २१ वॉटच्या बल्बची एक वायर पंपाच्या पांढऱ्या वायरीच्या टर्मिनलला आणि दुसरी पंपाच्याच अर्थच्या स्क्रूला पक्की जोडावी आणि मगच चावी फिरवावी. पेट्रोलच्या वासात वायर हाताने टेकवून ठिणगी पाडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पंप गळत असेल, तर आधी गळती थांबवावी. पंप अडलेला असतानाही बल्ब लख्ख पेटला, तर पॉइंट खराब आहेत असे मानावे. तो मिणमिणला, तर रबरी नळीतले बुलेट कनेक्टर आणि पंपाची अर्थ तपासावी.

नवा पंप घेण्याची वेळ आलीच, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या वर्षीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. १९६७च्या अखेरीस डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, तेव्हा ही पद्धत बदलली. साधे पॉइंट असलेल्या जुन्या पंपाला दिशेचे सोयरसुतक नसते, परंतु आतमध्ये डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले पंप उलट जोडल्यास जळतात. त्यामुळे आधीच्या एखाद्या मालकाने आपल्या गाडीची अर्थ बदलून घेतली आहे का, हे बॅटरीजवळ स्वतः पाहावे आणि त्यानुसारच पंप मागवावा.