मारुतीला रुईच्याच पानांची माळ का घालतात?

रुईचं संस्कृत नाव अर्क, आणि अर्क म्हणजे सूर्यही. नवग्रहांच्या समिधांत सूर्याची समिधा रुईचीच. मारुती सूर्याचा शिष्य, म्हणून शनिवारी त्याला ही माळ, असा संबंध लावतात. मला दुसरं कारणही पटतं: भर मे महिन्यात माळरानावर सगळं करपलेलं असताना हिरवीगार उभी असते ती रुईच. मुळं खोल जातात, जाड पानांवर पिठासारखा पांढुरका थर असतो, त्यामुळे पाणी उडून जात नाही. शिवाय चीक कडू-विषारी, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पांढऱ्या फुलांची ती मांदार, गणपतीची. पूर्वी तिसरं लग्न अशुभ मानत, म्हणून नवऱ्याचं आधी रुईशी लग्न लावत! पानं तोडताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.