फेस आला म्हणजे तेल मिसळलं असं नाही

निफाड तालुक्यातल्या एका टोमॅटो उत्पादकाने विचारलं आहे, "भरलेल्या पंपात निंबोळी तेल आणि कपड्यांची पावडर टाकली. फेस भरपूर आला, तरी शेवटच्या सऱ्यांची पानं करपली. कशामुळे?" दिंडोरीहून दुसरा प्रश्न स्टिकरबद्दल, म्हणजे फवारा पानावर पसरवून चिकटवणाऱ्या द्रव्याबद्दल आहे, "स्टिकर घालूनही तेलाच्या द्रावणाला फेस येत नाही. स्टिकर बनावट असेल का?"

दोघांनीही फेसावरून मिश्रणाची पारख केली, आणि चूक तिथेच झाली. साबण किंवा स्टिकरच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. हे कण हवेच्या बुडबुड्याभोवती जमले की फेस होतो, तेलाच्या थेंबाभोवती जमले की दुधाळ द्रावण. उलट, तेलाचे बारीक थेंब बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यात शिरले की तो फुटतो. त्यामुळे दिंडोरीकर दादा, फेस कमी आला एवढ्यावरून स्टिकरला खोटं ठरवू नका. द्रावण दुधासारखं राहतंय का, ते पाहा.

निफाडला तेल थेट भरल्या पंपात पडलं. थेंब मोठे राहिले, तेल हलकं म्हणून वर आलं. पंप तळातून ओढतो. सुरुवातीच्या सऱ्यांना जवळजवळ नुसतं पाणी गेलं, शेवटच्यांना दाट तेल. त्यात पावडरीतला सोडा पानांनाही बाधतो आणि निंबोळीतला ॲझाडिरॅक्टिन हा कीड रोखणारा घटकही लवकर निकामी करतो. पावडर वापरूच नका.

15 लिटरच्या पंपाला 75 मिली तेल घ्या. 15 ग्रॅम साधा साबण कोमट पाण्यात विरघळवा, त्यात तेलाची बारीक धार सोडत जोरात घुसळा. पांढरं, एकजीव झालं की मगच पंपातल्या पाण्यात ओता. थंडीत निफाडकडे तेल गोठतं, तेव्हा बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाला धरून साका करतं आणि तेल पुन्हा सुटतं. अशा पाण्यात साबणाऐवजी नॉन-आयोनिक (विद्युतभार नसलेला, म्हणून कॅल्शियमशी साका न करणारा) स्टिकर लेबलवरच्या मात्रेने वापरा. काचेच्या बाटलीत थोडं द्रावण अर्धा तास ठेवून बघा. वर तेलाचं कडं दिसलं तर फवारू नका. कालचं उरलेलं द्रावणही नको. फवारणी संध्याकाळी करा.

द्राक्ष बागायतदारांना आवर्जून सांगतो: भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारलं असेल तर तेलाच्या फवारणीत किमान 15 दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. आणि मणी तयार होत आले की तेल टाळा. मण्यांवरचा पांढरट मेणाचा थर एकदा पुसला गेला की तो माल बाजारात उठून दिसत नाही.