सोलापूरकडे पाणी कमी, तरी बागेत केळ, अळू, कर्दळ अशी मोठ्या पानांची झाडं जगतील का?

जगतील, पण बागभर नको, एकाच कोपऱ्यात लावा. ही तिन्ही झाडं आपल्याकडे पूर्वीपासून मोरीच्या पाण्यावरच वाढत आली आहेत.

भिंतीच्या पूर्वेची जागा निवडा, म्हणजे दुपारचं ऊन टळेल. दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या. जमीन मुरमाड असेल तर तळाशी जाड प्लॅस्टिक अंथरा आणि त्याला हातभर अंतरावर भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात कंद कुजतात. काळ्या जमिनीत प्लॅस्टिक मुळीच नको. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत भरा आणि वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटं खाली ठेवा. वर उसाचं पाचट जाड पसरा. माती उघडी पडू देऊ नका, उन्हाळ्यात खरी मदत या पाचटाचीच होते.

मोरीचं पाणी या वाफ्यात सोडा, पण फिनेल किंवा ब्लीच घातलेलं पाणी तिकडे सोडू नका. साबणामुळे क्षार साचतात, म्हणून मधूनमधून साधं पाणी भरपूर द्या. खायच्या अळूच्या पानांना मोरीचं पाणी लागू देऊ नका.

मे महिन्यात अळू वाळून गेला तर कृपा करून उपटू नका. कंद जिवंत असतो, पहिल्या पावसात पुन्हा फुटतो.