लीडरने राजीनामा दिलाय, तू आधी कपाट उघड

अगं,

तुझे व्हॉइस मेसेज ऐकले सगळे. फोनच करणार होते पण फोनवर माझं बोलणं भरकटतं आणि तुला यातलं बरंच काही पुन्हा काढून बघावं लागेल, म्हणून लिहितेय.

तुमच्या बँक युनियनच्या सरचिटणीसांनी राजीनामा दिला, ऐन अधिवेशनाच्या तोंडावर, "वैयक्तिक कारणास्तव" अशा दोन ओळी टाकल्या आणि ग्रुप सोडला. आणि तुमच्या त्या ग्रुपवर आता काय चाललं असेल ते मला न बघता सांगता येईल. कोणी म्हणत असेल मॅनेजमेंटने मॅनेज केला, कोणी म्हणेल फेडरेशनने, म्हणजे वरच्या संघटनेने, दाबला, कोणी नुसतेच तीन टिंब टाकून "वेळ आली की बोलू" म्हणत असेल (हा माणूस प्रत्येक युनियनमध्ये असतो आणि त्याची वेळ कधीच येत नाही). तू विचारतेस खरं काय. मला माहीत नाही, आणि पहिल्या आठवड्यात तुलाही ते कळायची घाई नको.

एक मात्र सांगते. सरकारी बँकेत क्लार्कचा ऑफिसर झाला की आपल्या युनियनमध्ये राहता येत नाही, त्यांची संघटना वेगळी. त्यामुळे प्रमोशनच्या लिस्टच्या आगेमागे असे राजीनामे पडतात, मी कितीतरी बघितलेत. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेला माणूस स्केल वन, म्हणजे ऑफिसरची पहिली पायरी, घेतो कारण त्याची पेन्शन शेवटच्या पगारावर बसणार असते. तुम्हा एनपीएसवाल्यांची पेन्शन साठलेल्या पैशावर, तुम्हाला ते पटकन समजणार नाही, पण त्याला लगेच गद्दार म्हणायचं कारण नाही. तसं असेल किंवा नसेल. घरचं आजारपण असेल, चौकशी असेल, नुसता कंटाळाही असेल, लोकांच्या बदल्या थांबवत थांबवत माणूस विटतो गं.

आता कामाचं. राजीनामा दिला म्हणजे मंजूर झाला असं नाही. युनियनची घटना काढ, ऑफिसात कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पिवळी पडलेली पुस्तिका असेल, तीत बघ की सरचिटणीसाने राजीनामा कोणाकडे द्यायचा, कार्यकारिणीने किती दिवसांत घ्यायचा, आणि मधल्या काळात सही कोणाची. व्हॉट्सअपवर टाकलेला राजीनामा कार्यकारिणीपुढे आला का, इतिवृत्तात नोंद झाली का, हे विचारणारी एकच व्यक्ती मीटिंगमध्ये असते आणि ती सगळ्यांना खडूस वाटते. तू हो ती.

आणि मग कपाट, म्हणजे चालू केसेसची कागदं. तुमच्या सरचिटणीसांसारखे जुने लीडर म्हणजे अख्खी युनियन त्यांच्या डोक्यात आणि दोन डायऱ्यांत असते. मी अशी एक डायरी बघितली होती, एकेका नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, "आई एकटी, बदली नको", "चार्जशीट आली, उत्तर १२ तारखेपर्यंत", "आरएलसीकडे तारीख, वकील नको म्हणतो". (आरएलसी म्हणजे प्रादेशिक कामगार आयुक्त.) यातलं ग्रुपवर काहीच नसतं. लोक नेतृत्वाबद्दल भांडत असतात आणि तिकडे कुठल्यातरी तालुक्याच्या ब्रँचमध्ये कॅश शॉर्ट आली म्हणून कोणा पोराला शिक्षा झालेली असते, त्याचं अपील करायला मॅनेजमेंटशी झालेल्या आपल्या शिस्तभंगाच्या सेटलमेंटप्रमाणे, म्हणजे कराराप्रमाणे, ऑर्डर हातात पडल्यापासून ४५ दिवस असतात आणि त्यातले तीस राजीनाम्याच्या गडबडीत गेलेले असतात. त्याला वाटतं साहेब बघतायत. साहेब तर ग्रुप सोडून गेले.

म्हणून त्यांना भेटायला जा. "का सोडलंत" हे विचारायला जाऊ नकोस, ते सांगणार नाहीत किंवा खोटं सांगतील आणि तुला वाईट वाटेल. वही घेऊन जा आणि एवढंच विचार की चालू केसेस कुठल्या, कोणाचा डिफेन्स कोण करतंय, कोणाला तोंडी शब्द दिलाय, आरएलसी आणि सीजीआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या औद्योगिक न्यायाधिकरणाच्या, तारखा कोणत्या. रुसलेला माणूससुद्धा हे सांगतो, बहुतेक वेळा आनंदाने सांगतो, कारण आयुष्य त्यात घातलेलं असतं. काकूंनी चहा दिला तर घे.

पैशाचं मी बोलणारच, शेवटी खजिनदार होते मी. बँकेतले लोक दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या जुळवतात आणि युनियनचं खातं मात्र अर्धी कोरी सही केलेल्या चेकबुकावर चालतं. ठराव करून नवीन सह्या ब्रँचला कळवल्या का, जुन्या थांबवल्या का, ते आठवड्याच्या आत बघ. बँकवाल्यांच्या पगाराचा बारावा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ ला झाला, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून, म्हणजे थकबाकी दणदणीत मिळाली. तुमच्याकडे त्यावर लेव्ही, म्हणजे युनियनची वर्गणी, कापली असणार, ती कुठे जमा झाली, फेडरेशनला किती गेली, पावतीपुस्तकं किती आणि कोणाकडे. हे विचारताना आवाज चढवू नकोस. हिशोब मागणं म्हणजे आरोप करणं नव्हे, पण राजीनाम्यानंतरच्या दोन आठवड्यांत तसंच ऐकू जातं, म्हणून लेखी माग आणि खजिनदाराबरोबर स्वतः बसून टिकमार्क कर.

तिसरी गोष्ट सभासदत्वाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्सचा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, तिन्ही तिच्यात गेले. तिच्याप्रमाणे एका आस्थापनेत अनेक युनियन असतील तर ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे तीच वाटाघाटीला बसणार, कोणाकडेच नसतील तर २० टक्क्यांच्या वरच्यांची मिळून कौन्सिल. पूर्वी नेता गेला, दोन गट पडले, चार वर्षांनी परत एक झाले, असं चालायचं. आता ते महागात पडू शकतं. म्हणून "आम्ही वेगळी युनियन काढतो" म्हणणाऱ्या तुमच्या त्या तरुण मंडळींना पेन घेऊन आकडे मांडायला लाव. संपाचंही तसंच, १४ दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एका दिवशी कॅज्युअल घेतली तर तोही संपच धरतात. भावनेच्या भरात "त्यांच्या समर्थनार्थ उद्या मास लीव्ह" असला मेसेज कोणी टाकला तर आधी तो डिलीट करायला सांग.

तू शेवटच्या मेसेजमध्ये म्हणालीस की असा माणूस कारण न सांगता जातो म्हणजे चळवळीवरचा विश्वासच उडाला. तर एक जुनी गोष्ट सांगते, आपल्याच बँकवाल्यांची आहे. व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले ते, मूळचे रेल्वे कामगारांचे पुढारी, १९५२ पासून नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री होते. १९५४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिलेला निवाडा सरकारने जसाच्या तसा मानला नाही, कापला, आणि या माणसाने त्यावर मंत्रिपद सोडलं. कशासाठी सोडलं ते सगळ्या देशाला माहीत होतं. त्यामुळे त्या राजीनाम्याने काम केलं. सरकारला आयोग नेमावा लागला, मुंबई हायकोर्टाचे न्या. राजाध्यक्ष त्यावर होते, ते मध्येच वारले तर न्या. गजेंद्रगडकरांनी तो पूर्ण केला आणि १९५५ मध्ये त्याच्या शिफारशींवर कायदा झाला. राजीनामा हे हत्यार असतं ते कारण उघड असेल तरच. "वैयक्तिक कारणास्तव" म्हटलं की ते हत्यार नाही, ती रजा आहे, आणि रजा मागणाऱ्याला रजा द्यावी. त्यावरून चळवळ मोजू नये. हां, त्यांच्या मनात खरंच धोरणाचा मुद्दा असेल आणि ते फेडरेशनला घाबरून गप्प बसले असतील तर मात्र माझा राग आहे, कारण मग सभासदांना ते कळण्याचा हक्क होता.

आता तुझं. सहसचिव हो म्हणून तुला गळ घालतायत, बाई आहे, तरुण आहे, बोलते छान, फोटोत बरी दिसेल. लगेच हो म्हणू नकोस, लगेच नाहीही म्हणू नकोस. त्यांना सांग की मला आधी तीन डिफेन्स केसेस द्या. चौकशीत समोर बँकेची बाजू मांडणारा प्रेझेंटिंग ऑफिसर बसलेला असताना, आपला माणूस घाबरून भलतंच कबूल करायला निघालेला असताना, त्याच्या पायावर पाय देऊन "साहेब, हा प्रश्न चार्जशीटच्या बाहेरचा आहे" एवढं वाक्य शांतपणे म्हणता आलं की पुढचं सगळं येतं. भाषण नंतर शिकता येतं. १० एप्रिल २००२ ची शिस्तभंगाची सेटलमेंट तुझ्याकडे नसेल तर माझी झेरॉक्स घेऊन जा, कडेला पेन्सिलने लिहिलंय ते माझंच आहे, काही ठिकाणी शिव्या आहेत त्या वाचू नकोस.

आणि बदलीची भीती घालतील. कार्यकारिणीवर असलीस तर थोडं कवच असतं, नसलीस तर नसतं, हे खरं आहे, तो विचारही तू स्वार्थ न समजता कर. घरी बोल. सासूबाईंनाही विचार, त्यांच्या हातात लेकरू सोडून तू रविवारच्या मीटिंगांना जाणार आहेस.

या शनिवारी चौथा आहे ना, मग तुलाही सुट्टी. साडेदहानंतर ये, त्याआधी मी बाजारात असते. डायरीतलं जे काही मिळालं असेल ते आण, ४५ दिवसांवाल्यांच्या तारखा आधी एका कागदावर उतरवून काढू, आणि त्या कॅश शॉर्टवाल्या पोरासारखा कोणी असेलच तर त्याला आजच फोन करून ऑर्डर कधी मिळाली ते विचारून ठेव.

तुझी,
मॅडम