'आयएफकॉन्फिग' काढलं कुणी?

प्रश्न : घरच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकलं. क्लासमध्ये शिकवलेली, नेटवर्कचा पत्ता दाखवणारी 'आयएफकॉन्फिग' कमांड दिली, तर 'कमांड नॉट फाउंड'. पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र आयती बसलेली, जिला मी जन्मात हात लावणार नाही. मूळ संचात काय ठेवायचं, हे कुठल्या न्यायाने ठरतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आयएफकॉन्फिग गेलं ते २०१७ साली, डेबियन ९ पासून. त्याचं काम करणारी 'आयपी' कमांड आधीच हजर होती. 'आयपी ए' टाइप करून बघा, पत्ता दिसेल. एका कामाला दोन माणसं पगारावर कशाला, एवढाच तो हिशोब. जुन्याचीच सवय असेल तर 'नेट-टूल्स' पॅकेज घाला.

पर्लची गोष्ट जास्त रंगतदार. पॅकेज बसवताना तुम्हाला प्रश्न विचारतं ते 'डेबकॉन्फ' पर्लमध्येच लिहिलंय. म्हणून 'पर्ल-बेस' हा छोटा संच तिथे 'इसेन्शियल', म्हणजे अत्यावश्यक. तुम्ही हात लावला नाहीत तरी सिस्टिम रोज लावते.

फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली दुसरी सिस्टिम. तिचे लोक उलट्या वाटेने गेले. त्यांच्या ४ च्या मालिकेत पर्ल ५.००५ मूळ संचात होती. २००० साली बाहेर ५.६ आली, आणि आमच्या सर्व्हरवर आपली जुनीच! मूळ संचातली वस्तू मालिका चालू असताना सहसा बदलत नाहीत. मग पोर्ट्समधून, म्हणजे जादा सॉफ्टवेअरच्या भांडारातून, नवी घाला, दोन्ही एका घरात नांदवा, कुठली स्क्रिप्ट कुणाला हाक मारते ते शोधत बसा. शेवटी त्यांनी 'ॲडयूझर'सारख्या (नवा वापरकर्ता जोडणाऱ्या) आपल्याच स्क्रिप्ट शेलच्या, म्हणजे कमांडच्याच, भाषेत पुन्हा लिहिल्या, आणि जानेवारी २००३ च्या ५.० मधून पर्ल बाहेर पडली. तेव्हा मी कुरकुरलो होतो. आता वाटतं, बरं झालं. २०१४ च्या १०.० मधून बाइंड हा नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) काढला, त्याचा राग मात्र अजून आहे. नेमसर्व्हर जाऊ दे हो, पण त्याच्याबरोबर असे पत्ते विचारायची कमांड 'डिग'ही गेली. जागेवर 'ड्रिल' आहे, पण माझी बोटं अजून डिगच टाइप करतात.

माझा स्वतःचा निकष, बिघडलेलं मशीन दुरुस्त करायला जे लागतं ते मूळ संचात हवंच, एका रात्रीने ठरवला. २००२ साल, एका छापखान्याचा फ्रीबीएसडी सर्व्हर. कुठला कप्पा कुठल्या डिस्कवरून जोडायचा ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये, /यूएसआर या कप्प्याच्या ओळीत, डिस्कचा आकडा मीच चुकीचा टाकला आणि रीबूट केलं. मशीन सिंगल यूझर मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या अर्धवट अवस्थेत, येऊन थांबलं. नेटवर्क नाही. फाइल दुरुस्त करायला 'व्हीआय' हा एडिटर मागितला, तर तोही नाही, कारण तो /यूएसआरमध्ये, आणि /यूएसआर माउंटच, म्हणजे जोडलंच, गेलेलं नाही! मूळ कमांडच्या /बिन कप्प्यात होता फक्त 'ईडी', एकेका ओळीवर काम करणारा, चुकलात की नुसतं प्रश्नचिन्ह दाखवणारा म्हातारा एडिटर. 'माउंट -यू /' देऊन रूट, म्हणजे मुख्य कप्पा, लिहिण्याजोगा केला, ती ओळ शोधली, १ च्या जागी ० घातलं, सेव्ह केलं. पाच-सहा प्रश्नचिन्हं खाल्ली मधे. सकाळच्या पाळीची माणसं यायच्या आत सर्व्हर उभा होता.

पुढे फ्रीबीएसडीने /रेस्क्यू नावाचा कप्पा केला. त्यातली हत्यारं लायब्ररींवाचून, म्हणजे दुसऱ्या सामायिक फाइल्सच्या आधाराशिवाय, चालतात, आणि व्हीआयही तिथे आहे. म्हणजे ही वेळ माझ्या एकट्यावर आली नव्हती.

तुमच्या डेबियनमध्ये ईडी आपोआप येत नाही. मी पहिल्याच दिवशी घालतो.